थाळीमागचा कान

३ फेब्रुवारी, रविवार

आज थाळीकडून परत येताना बाई दोनदा थांबल्या. एकदा बुटाची नाडी बांधायला आणि एकदा पक्षी बघायला. नाडी सुटलेली नव्हती, आणि पक्षी कावळा होता. तेव्हा हे गुडघ्याचं प्रकरण आहे आणि त्यावर उपाय म्हणून मी एक यंत्र बांधायचं ठरवलं आहे.

यंत्र म्हटलं की नोंदी आल्या. नोंदींची सुरुवात परिस्थितीच्या वर्णनाने करायची, ही माझ्या धंद्याची शिस्त. धंदा म्हणजे दुकानदारांचे वजनकाटे तपासणं आणि दुरुस्त करणं. काटा खोटं बोलायला लागला तर त्याला उघडून बघता येतं. माणसांच्या बाबतीत ही सोय नाही.

तर परिस्थिती. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत आमचा नेमबाजी क्लब आहे. क्लब म्हणजे पत्र्याची शेड, चार बाकं, आणि दोनशे मीटरवर साखळ्यांनी टांगलेली जाड पोलादाची गोल थाळी. आमच्या रायफली बारीक नळीच्या. गोळी एवढ्या लांब पोचेपर्यंत अर्धी मेलेली असते. थाळीला लागली की ‘टण’ होतं म्हणतात, पण ते शेडपर्यंत ऐकू येत नाही. आणि सभासदांची वयं बघता शेजारी वाजलं तरी ऐकू येईल याची खात्री नाही. म्हणून लागली की नाही यावर भांडणं. एकदा वकील आणि दाढीवाले एकमेकांच्या कॉलरपर्यंत गेले, तेव्हा नियम झाला. पाच गोळ्या झाल्या की सगळ्यांनी रायफली रिकाम्या करून खाली ठेवायच्या, मेजरांनी लाल झेंडा चढवायचा, आणि नेमबाज व एक तटस्थ साक्षीदार अशा दोघांनी मिळून थाळीपर्यंत चालत जायचं. डाग मोजायचे, थाळीवर पांढरा रंग फवारायचा, परत यायचं.

तटस्थ साक्षीदार मी. कारण मी गोळी मारत नाही. एकदा मारली होती. मेजर म्हणाले, “कुठं गेली ते कळलं तर आम्हालाही सांगा, उत्सुकता आहे.” (मेजर हे सैन्यात कधीच नव्हते. गोदामात कारकून होते. मिशांवरून बढती मिळाली.)

गोळी मारत नाही तर क्लबात कशाला जातो, हा प्रश्न या नोंदींच्या बाहेरचा आहे, पण लिहून टाकतो. रविवारी तिथं माणसं असतात. सोमवार ते शनिवार माझ्याशी जे बोलतात त्यांचा काटा बिघडलेला असतो. बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. वारली नाही, गेली. जाताना म्हणाली, “तुम्ही माझं ऐकत नाही. तुम्ही नोंद घेता.” ते मी नोंदवून ठेवलं आहे.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्या, पण सगळे अजून ‘बाई’च म्हणतात. क्लबातला सगळ्यात पक्का नेम त्यांचा. लग्न केलं नाही. “गृहीतकच पटलं नाही,” असं सांगतात. रविवारी त्यांच्या चार-पाच फेऱ्या होतात, म्हणजे चार-पाच वेळा आम्ही दोघं थाळीपर्यंत जाऊन येतो.

आज जाताना म्हणाल्या, “भाऊ म्हणतो, माझ्याकडे राहायला ये. त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे.”

“आणि तुमच्या?”

“माझ्या इमारतीला तिसरा मजला आहे.”

भाऊ राहतो रात्रभराच्या प्रवासावर. मार्चअखेर त्याला उत्तर द्यायचं आहे. “तुम्हाला काय वाटतं?” त्यांनी विचारलं. मी थोडा विचार करून म्हणालो, “लिफ्ट ही चांगली गोष्ट आहे.”

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. गुडघाच असणार.

आता तर्क. गुडघा दुखतो म्हणून चालवत नाही. चालवत नाही म्हणून क्लब सुटेल. क्लब सुटला की त्यांना इथं धरून ठेवणारं काही उरत नाही. म्हणजे लिफ्ट. ही साखळी पहिल्याच कडीला तोडायची. चालणंच बंद करायचं. थाळीमागे आघात ओळखणारा एक कान बसवायचा, त्याने रेडिओवरून शेडमध्ये आकडा पाठवायचा. लागली की नाही, किती जोरात लागली, बसल्या जागी कळेल.

क्लबात येऊन आठ वर्षं झाली, मला हे आधी सुचलं नाही याचंच आश्चर्य वाटतं.

६ फेब्रुवारी

सामान आणलं. गाणाऱ्या शुभेच्छापत्रात असते ती पितळी चकती: हिला धक्का दिला की थोडी वीज निर्माण होते. हाच आपला कान. रेडिओसाठी खेळण्यातली रिमोटवर चालणारी मोटार घेतली.

दुकानदाराने विचारलं, “नातवाला?”

“हो,” म्हणालो. नातू नाही. पण खरं सांगायला बरेच शब्द लागले असते, आणि मागे रांग होती.

घरी येऊन मोटार उघडली. उघडण्याआधी खोलीत दोन फेऱ्या मारून पाहिली. चांगली चालत होती.

९ फेब्रुवारी

धाकट्या बहिणीचा फोन. दर शनिवारी करते, जिवंत आहे का ते बघायला. यंत्राबद्दल सांगितलं. चकती, रेडिओ, बॅटरी, पोलादाची जाडी, सगळं.

“दादा, गुडघा कोणाचा म्हणालास?”

“गणिताच्या बाईंचा.”

“आणि यंत्र तू बांधतोयस.”

“हो. इतर कोणाला सोल्डर करता येत नाही.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं लाइन गेली. नंतर कळलं, हसत होती.

१० फेब्रुवारी, रविवार

पहिली चाचणी. नापास.

गोंदाच्या डबीवर ‘पोलादालाही चिकटतो’ असं लिहिलं होतं. पहिलीच गोळी वकिलांची. तिचा आकडा आला आणि त्याच धक्क्याने चकती सुटून मागच्या मातीत पडली. पुढच्या चार गोळ्यांना यंत्र गप्प.

“म्हणजे माझ्या चार चुकल्या, असं तुमच्या यंत्राचं म्हणणं आहे?” वकील.

“यंत्राचं काहीच म्हणणं नाही. ते पडलंय.”

“मग संशयाचा फायदा मला.” आणि त्यांनी फळ्यावर स्वतःच्या नावापुढे पाच लिहून घेतले. दाढीवाले उठले, मेजर मध्ये पडले, चहा सांडला. साडेबारापर्यंत चाललं. चकती अशी बसवायला हवी की ही सगळी वेळेची नासाडी थांबेल.

चालणं अर्थात करावं लागलं. बाईंनी जाताना एका विद्यार्थ्याबद्दल सांगितलं. त्याने पेपरातल्या प्रत्येक गणिताचं उत्तर ‘होय’ असं लिहिलं होतं.

“किती गुण दिलेत?”

“एक. आत्मविश्वासाचा.”

मी एवढ्या जोरात हसलो की लांबून मेजरांनी शिट्टी वाजवून काय झालं म्हणून विचारलं.

१३ फेब्रुवारी

गोंद बाद. चकतीला रबराची गादी आणि वरून स्क्रूने आवळलेली पट्टी. मोजमापाची खात्री करायला जुन्या थाळीचा तुकडा बेडरूमच्या दारात टांगला आणि दोऱ्याला लोखंडी गोळा बांधून ठरावीक उंचीवरून त्यावर सोडतो आहे. उंची माहीत, वजन माहीत, म्हणजे आघात माहीत. काट्यासाठी जशी प्रमाण वजनं तसा हा प्रमाण धक्का.

शेजारच्या काकूंनी दारात येऊन विचारलं, “दिवसभर हे टण टण काय?”

समजावून सांगितलं. त्या दारातूनच आत बघत होत्या. टांगलेलं पोलाद, टेबलावर पसरलेल्या तारा, खुर्चीवर मोटारीचं उघडं पोट.

“कुणी येणार-जाणार आहे का तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग चालू दे,” म्हणाल्या आणि गेल्या. समजूतदार बाई आहेत.

१७ फेब्रुवारी, रविवार

रबराची गादी टिकली. तार टिकली नाही. गोळी पोलादावर फुटते तेव्हा शिशाच्या कपच्या कडेने उडतात, त्यातल्या एकीने तार कापली. थाळीमागे बसून तिथंच दुरुस्ती केली. तोपर्यंत इतरांचा खेळ बंद आणि सगळे शेडमध्ये आरडाओरडा करत होते.

बाई पालथ्या बादलीवर बसून तार धरत होत्या. हात अजिबात हलत नाही त्यांचा. म्हटलं, “तुम्ही काट्याच्या धंद्यात हव्या होतात.”

“तुम्ही शाळेत हवे होतात,” त्या म्हणाल्या. “पहिल्या बाकावर. शिक्षक काय बोलतात ते शब्द न् शब्द लिहून घेणारी मुलं असतात ना.”

कौतुक होतं. मी आभार मानले.

मग त्यांनी विचारलं, “हे झालं की आपल्याला इथवर यायलाच नको, नाही का?”

“मुळीच नको. तीच तर गंमत आहे.”

“कोणाची?”

मी सोल्डरवर फुंकर घालत होतो, त्यामुळे उत्तर राहून गेलं. तारेवर आता लोखंडी नळी घालणार आहे.

२४ फेब्रुवारी, रविवार

चाललं!

दाढीवाल्यांची पहिली गोळी आणि शेडमध्ये ठेवलेल्या रेडिओच्या डब्याच्या काचेवर आकडा: ८८. थाळीच्या मध्यावर बसलेल्या गोळीला १०० असं माप मी ठरवलं आहे. मग ७४, मग काहीच नाही (चुकली), मग ९१, मग ८३. मेजरांनी दुर्बिणीतून खात्री केली. शेडमध्ये टाळ्या. माझ्या पाठीवर इतक्या लोकांनी थाप मारली की संध्याकाळपर्यंत पाठ गरम होती. एवढ्या लोकांनी मला याआधी कधी हात लावला होता ते आठवत नाही.

बाईंच्या पाच गोळ्या: ९९, १००, ९८, १००, ९७. मी आकडे वाचून दाखवले. पाचही. जागेवरून न हलता.

“छान आहे,” त्या म्हणाल्या.

मेजर म्हणाले, “साक्षीदार, आज तुम्ही निवृत्त!” सगळे हसले. मीही.

भांडण एकही झालं नाही. अकराच्या आत सगळ्यांच्या फेऱ्या संपल्या. चहाचा थर्मास अर्धा उरला. मेजरांनी तो ओतून दिला आणि कुलूप लावलं. घरी आलो तेव्हा पुढे अख्खी दुपार होती.

२७ फेब्रुवारी

‘छान आहे.’ दोनच शब्द. इतरांनी किती विशेषणं लावली! बाईंच्या ‘छान’मध्ये काहीतरी कमी पडत होतं. गणिताच्या माणसाला अचूकतेत खोट लगेच दिसते, आणि खोट आहेच: गोळी कडेला लागली की एकाच चकतीमुळे आकडा कमी येतो. तीन चकत्या बसवून सरासरी काढणार आहे. शिवाय दशांश चिन्हानंतरचा एक अंक.

३ मार्च, रविवार

तीन चकत्या उत्तम. बाईंना मुद्दाम सांगितलं, “आता दशांशापर्यंत कळतं.”

“हो का,” त्या म्हणाल्या. एकच फेरी मारली. बाकी वेळ बाकावर बसून समोर बघत होत्या. गुडघ्याला आराम मिळतो आहे, ही समाधानाची बाब.

वकिलांचं कळत नाही. फळ्याजवळ उभे राहून मला म्हणाले, “अहो, तुम्ही कोर्टालाच टाळं लावलंत. हरलो तरी निदान सुनावणी व्हायची.” अचूकतेची सवय नसलेल्या माणसांना सुरुवातीला असं होतं. दुकानदारांचंही होतं.

दहाला सगळं आटोपलं.

१० मार्च, रविवार

बाई आल्या नाहीत. दाढीवालेही नाहीत. वकील आले, पाच गोळ्या मारल्या, आकडे बघितले, “बरं,” म्हणाले आणि निघाले. शेडमध्ये मी आणि मेजर. मेजर मिशीला तेल लावायची डबी काढून बसले.

“ऊन वाढलंय ना,” मी म्हणालो.

“वाढलंय,” ते म्हणाले. “शेडमध्ये मात्र गार वाटतंय.”

घरी येऊन मागच्या दोन रविवारांतल्या बाईंच्या आकड्यांचा आलेख काढला आणि त्यांना फोनवर पाठवला. निळी रेघ त्यांची, लाल रेघ क्लबाची सरासरी. निळी सतत वर. उत्तर आलं: “मिळाला.”

मी फोन टेबलावर उजेडाची बाजू वर करून ठेवला आहे, आणखी काही आलं तर दिसावं म्हणून. जेवताना काही आलं नाही.

१६ मार्च

बहिणीचा फोन.

“त्या का नाही आल्या, विचारलंस?”

“गुडघा असणार.”

“दादा, मी विचारलंस का म्हणतेय.”

“विचारलं नाही, पण अंदाज योग्य आहे.”

“तुझ्या अंदाजावर एक संसार गेला रे,” ती म्हणाली. मग लगेच, “जाऊ दे. जेवलास?” आम्ही बराच वेळ जेवणावर बोललो. दोघांनाही जेवणात रस नव्हता.

१७ मार्च, रविवार

वाईट दिवस. क्रमाने लिहितो.

बाई आल्या. हातात काठी. सहा-सात जण जमले होते. बाईंची पहिली फेरी: ९९.२, १००, ९८.७, मग चौथ्या गोळीला काहीच नाही, मग १००.

“चार लागल्या,” मी म्हणालो. “चौथी चुकली.”

“लागली,” बाई म्हणाल्या.

“यंत्र शून्य दाखवतंय.”

“मी सांगते, लागली. चला, बघून येऊ.”

आठ वर्षांत बाईंनी कधी वाद घातला नाही. उलट गोळी सुटल्याबरोबर “गेली ही” असं स्वतःच सांगतात. मी त्यांना समजावलं. तीन चकत्या आहेत. तिन्ही एकाच वेळी बहिऱ्या होणं जवळपास अशक्य. प्रमाण धक्क्याने परवाच तपासणी केली आहे. वकील खुर्ची ओढून बसले, त्यांच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांत प्रथमच रक्त दिसलं. “साक्षीपुराव्याची मागणी रास्त आहे,” म्हणाले.

“त्यांच्या गुडघ्याला त्रास नको, म्हणून तर हे यंत्र आहे,” मी म्हणालो. जरा मोठ्याने बोललो असेन. “चालत जायची काही गरज नाही, बाई. खरंच काही गरज नाही.”

मेजर झेंड्याची दोरी हातात धरून तसेच उभे.

बाईंनी रायफल रिकामी केली, पुसली, पिशवीत घातली. “बरोबर आहे तुमचं,” त्या म्हणाल्या. “काही गरज नाही. भावाला आज कळवून टाकते.”

त्या गेल्यावर, सगळे गेल्यावर, मी मेजरांना झेंडा लावायला सांगून एकटाच थाळीपर्यंत गेलो. थाळी सकाळीच रंगवली होती आणि बाईंशिवाय कोणी गोळी मारली नव्हती. तिच्यावर चार डाग. यंत्र बरोबर होतं. मला आनंद व्हायला हवा होता.

चौथी गोळी मागच्या मातीच्या भिंतीत सापडली. थाळीपासून चांगली हातभर बाजूला. हातभर! नवखा माणूससुद्धा एवढा चुकत नाही. बहुधा वारा. वारा नव्हता, पण दुसरं काही कारण दिसत नाही.

परत येताना अंतर जास्त वाटलं. दोनशे मीटरचं माप कोणी घेतलं होतं ते विचारायला हवं.

१९ मार्च

यंत्र घरी आणून पूर्ण उघडलं. दोष नाही.

२० मार्च

पुन्हा उघडलं. दोष नाही. तरी बाईंवर अन्याय नको म्हणून संवेदनक्षमता बरीच वाढवली. आता गोळी थाळीला नुसती चाटून गेली तरी आकडा येईल. हे त्यांना फोनवर कळवायला तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. प्रत्येक वेळी वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं.

२२ मार्च

आज एकाही काट्याचं काम आलं नाही. संध्याकाळपर्यंत मी कोणाशी बोललो नाही हे काकूंनी “दूध आलं का?” विचारलं तेव्हा लक्षात आलं. आवाज आधी फुटेना, घसा खाकरावा लागला. त्यांना वाटलं सर्दी आहे. काढ्याची कृती सांगत बसल्या. मी सर्दी असल्यासारखं ऐकून घेतलं, कारण कृती लांब होती.

२४ मार्च, रविवार

बाई आल्या. निरोपाला. भाऊ शनिवारी गाडी घेऊन येणार, सामान आणि बाई दोन्ही नेणार. रायफल क्लबाला देऊन टाकली. मेजरांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि बराच वेळ ठेवायची कुठं ते त्यांना सुचेना.

दाढीवाले आले होते, वकील आले होते, सगळे आले होते. एकेकाने पहिली फेरी मारली. मी डब्याशी बसून आकडे वाचत होतो. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मला काही बोलायचं होतं, पण वाढवलेल्या संवेदनक्षमतेशिवाय दुसरा विषय तयार नव्हता आणि तो काढायला धीर होईना.

फेऱ्या संपल्या. बाई उठल्या, काठी घेतली आणि मेजरांना म्हणाल्या, “झेंडा लावा.”

“अहो, पण डाग तर—”

“लावा.”

मेजरांनी लावला. रायफली खाली गेल्या. बाई चालू लागल्या. एकट्या. नियमाप्रमाणे दोघं लागतात, पण मेजरांनी झेंडा तसाच चढता ठेवला. मी डब्याशीच बसून राहिलो. बोलावलं नव्हतं, आणि मागच्या रविवारी मीच जाहीर केलं होतं की गरज नाही. त्या थांबत, काठी टेकत, हळूहळू लहान होत गेल्या. या वेळी नाडी आणि कावळा यांचं निमित्तही केलं नाही. पोचल्या. थाळीसमोर उभ्या राहिल्या.

काचेवर आकडा आला. ३.१.

गोळी नाही, वारा नाही. मी डबा उन्हातून सावलीत सरकवला. पुन्हा ३.१. मग थोड्या वेळाने ४.

“काय येतंय?” मेजर खांद्यावरून वाकले.

“बोटाचं हाड,” मी म्हणालो. “म्हणजे कोणीतरी बोटं वाकवून थाळीवर मारलं तर साधारण एवढाच आघात होईल. संवेदनक्षमता माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच चांगली—”

“साक्षीदार,” वकील मागून म्हणाले. एवढ्या हळू आवाजात त्यांना बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. “हे समन्स आहे. हजर राहा, नाहीतर निकाल एकतर्फी लागतो.”

काचेवर ११.६ आला. मी डबा मेजरांच्या हातात दिला आणि निघालो. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की मी पळतो आहे. पळायचं काही वय नाही, म्हणून भराभर चाललो.

बाई एक हात साखळीला धरून उभ्या होत्या, दुसऱ्या हाताची बोटं चोळत.

“किती आला?”

“तीन पॉइंट एक. पुन्हा तेवढाच. मग चार. मग अकरा पॉइंट सहा.”

“शेवटची जोरात मारली. लागलं हाताला.” त्या थाळीकडे बघत म्हणाल्या, “म्हणजे यंत्र चांगलं चाललंय.”

“उत्तम.”

“हं.”

मी धापा टाकत होतो. त्यांनी धाप संपेपर्यंत वाट बघितली.

“मागच्या रविवारी तुमची गोळी हातभर बाहेर गेली होती,” मी म्हणालो. “मी नंतर येऊन बघितलं.”

“एकटेच?”

“हो.”

“कसं वाटलं?”

“लांब,” मी म्हणालो.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग पालथ्या बादलीवर बसल्या, पाय लांब केला. “भाऊ शनिवारी येतोय. लिफ्ट आहे, खोली वेगळी आहे, वहिनी चांगली आहे. सगळं बरोबर आहे. मी तुम्हाला फेब्रुवारीत विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं. आता शेवटचं विचारते. आणि लिफ्टबद्दल विचारत नाहीये.”

मला काय वाटतं याचं मोजमाप माझ्याकडे कधीच नव्हतं. इतक्या वर्षांत त्याची गरज कोणी सांगितली नाही. किंवा सांगितली असेल, मी फक्त लिहून घेतली. थाळी अजून साखळ्यांवर किंचित हलत होती. मी ती हाताने थांबवली.

“माझं घर तळमजल्यावर आहे,” मी म्हणालो.

हे मी का म्हणालो ते आता लिहितानाही नीट सांगता येत नाही. वाक्य वस्तुस्थितीला धरून होतं. पण बोलताना आवाज बारीक झाला, आणि वस्तुस्थिती सांगताना माझा आवाज कधी बारीक होत नाही. म्हणून पुढे जोडलं, “तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. यंत्र त्यासाठीच बांधलं होतं. उलटं बांधलं गेलं.”

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. या वेळी ते गुडघ्यामुळे असेल असं मला वाटलं नाही.

“त्या घरात अशी अजून किती यंत्रं आहेत?” त्यांनी विचारलं.

“चालू की बंद?”

त्या हसल्या. काठी टेकून उठायला लागल्या. मी कोपर पुढे केलं, ते त्यांनी धरलं.

“बघायला येईन म्हणते. शनिवारी.”

“शनिवारी तर तुमचा भाऊ येणार.”

“येऊ दे की. गाडी घेऊनच येतोय. तुमच्याकडे सोडेल मला.”

आम्ही निघालो. त्या दर दहा-बारा पावलांवर थांबत होत्या आणि मी थांबत होतो. शेडपाशी सगळे रांगेने उभे होते. आम्ही मैदानातून बाहेर पडेपर्यंत नियमाप्रमाणे कोणालाच रायफलीला हात लावता येत नव्हता. मेजर दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडले, “अहो, लवकर या! खोळंबलेत सगळे!”

“खोळंबू देत,” बाई म्हणाल्या, आणि नाडी बांधायला खाली वाकल्या.